भरलेला ट्रक, एकटी कार

हवेत कार्बन जास्त कोण सोडतं, माल वाहणारी गाडी की माणसं वाहणारी? या प्रश्नाचं उत्तर एका दमात देणाऱ्याकडे बहुधा एक तर ट्रक असतो किंवा कार. माझ्याकडे दोन्ही नाही. म्हणूनच मामा आणि भाचीच्या या वादात मला पंच म्हणून बसवलं गेलं असावं. मामांचे कळंबोलीला चार ट्रक आहेत. तिथल्या पोलाद बाजारातून पत्र्याच्या कॉइल उचलायच्या आणि चाकण-तळेगावच्या कारखान्यांत नेऊन उतरवायच्या, हा त्यांचा जुना धंदा. भाची मेधा ऊर्जा लेखापरीक्षक आहे. कारखान्यांत जाऊन बॉयलर, कॉम्प्रेसर आणि मोटारी कुठं वीज-इंधन वाया घालवतात ते शोधून देणं हे तिचं काम. राहते वाकडला, चालवते पेट्रोलची कार. नावं अर्थातच बदलली आहेत.

मेधाने सुरुवातच आकड्याने केली.

मेधा : मामा, २०२२ साली नीती आयोगाचा ट्रकवर अहवाल आला. देशात ट्रक साधारण ४० लाख. दुचाकी, कार, सगळं धरलं तर शंभर गाड्यांत ट्रक तीन. आणि वाहतुकीतून जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला जवळपास तिसरा हिस्सा या तीन गाड्यांचा.

मामा : आणि देशातला माल किती वाहतात त्या तीन गाड्या?

मेधा : रस्त्याने सत्तर टक्के माल जातो. तेही त्याच अहवालात आहे.

मामा : मग? सत्तर टक्के ओझं ज्याच्या पाठीवर, त्याला धाप लागणारच की. तुझ्या कारच्या पाठीवर काय असतं? एक लॅपटॉपची बॅग.

मेधा : ते येऊ द्या ओघाने. आधी एवढं तर मान्य करा की डिझेल तुमच्या गाड्यांत जास्त जळतं. २०२३-२४ या वर्षात देशात सुमारे नऊ कोटी टन डिझेल खपलं आणि पेट्रोल पावणेचार कोटी टन. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो.

मामा : थांब. एक लिटर डिझेलचं वजन किलोसुद्धा भरत नाही. साडेआठशे ग्रॅमच्या आतच. त्यातून पावणेतीन किलो वायू कसा निघेल? काहीही सांगतेस.

मामांची ही शंका मी शिकल्या-सवरल्या लोकांकडूनही ऐकली आहे, आणि ती मूर्खपणाची नाही. मेधाने ती चांगली सोडवली. डिझेलमध्ये असतो तो मुख्यतः कार्बन. जळताना कार्बनचा एक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू ओढून घेतो. कार्बनच्या अणूचं वजन १२, ऑक्सिजनच्या एकाचं १६, म्हणजे दोघांचे ३२. बारा आत गेले, चव्वेचाळीस बाहेर आले. वाढलेलं वजन टाकीतलं नसतं, एअर फिल्टरमधून आत घेतलेल्या हवेतलं असतं. पेट्रोलचाही हाच हिशेब, फक्त ते डिझेलपेक्षा हलकं असल्याने लिटरमागे २.३ किलोच्या आसपास येतं.

मामा : बरं, पटलं. पण सगळं डिझेल माझ्या माथी का? शहरात फिरणाऱ्या त्या डोंगराएवढ्या जीपगाड्या काय पाण्यावर चालतात?

मेधा : हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. पेट्रोलियम खात्याच्या नियोजन कक्षाने नील्सन या पाहणी कंपनीकडून एक पाहणी करून घेतली होती, २०१४ च्या सुरुवातीला ती बाहेर आली. देशातल्या एकूण डिझेलपैकी छोट्या-मोठ्या मालवाहू गाड्या २८ टक्के पीत होत्या, आणि कार-जीपगाड्या, खासगी नि भाड्याच्या मिळून, २२ टक्के.

मामा : बावीस! ऐकलंस गं? (हे मामींना उद्देशून.)

मेधा : तेव्हा डिझेल सरकारी कृपेने स्वस्त होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दर खुले झाले, पुढं २०२० ला धुराचे बीएस-सिक्स निकष आले आणि डिझेल कार महाग झाल्या. आता तो वाटा तेवढा राहिलेला नाही. त्या पाहणीतली दुसरी गोष्ट मला जास्त मजेची वाटते. पेट्रोल सगळ्यात जास्त कोण जाळतं? कार नाही. दुचाक्या. ६१ टक्के. कार फक्त ३४ टक्के.

म्हणजे या भांडणात एक तिसरा पक्षकारही आहे, जो कोर्टात हजरच होत नाही. लाखो स्कूटर-मोटारसायकली एकेक लिटर करून पेट्रोल पितात आणि दोष कार-ट्रकच्या जमाखर्चात टाकून मोकळ्या होतात. पण दुचाकीवाल्यांना आज सोडून देऊ. त्यांच्यापैकी बहुतेकांना बस वेळेवर मिळत नाही म्हणून ते दुचाकीवर आहेत.

मेधा : आता गाडीमागे गाडी ठेवून बघू. माझी कार लिटरला पंधरा किलोमीटर देते. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरते. म्हणजे वर्षाला दीड टन कार्बन डायऑक्साइड. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल मी यात वेगळं काढलेलं नाही. तुमचा एक ट्रक वर्षाला किती पळतो?

मामा : आमचे फेरे जवळचे. साठ हजार धर. ॲव्हरेज साडेतीन.

मेधा : म्हणजे जवळपास सतरा हजार लिटर डिझेल. पंचेचाळीस टन. तुमचा एक ट्रक माझ्यासारख्या तीस कारच्या बरोबरीचा आहे. चार ट्रक म्हणजे एकशे वीस कार. तुम्ही एकटे एका सोसायटीच्या पार्किंगइतका कार्बन सोडता.

इथं मेधा जिंकल्यासारखी दिसली. आपल्याकडच्या बहुतेक बातम्याही इथंच थांबतात: एक ट्रक म्हणजे इतक्या कार, ठळक मथळा, विषय संपला. मामांनी मात्र मामींकडे हात पुढं केला आणि मामींनी उठून वही आणली. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, कडांना डिझेलचे बोटाचे ठसे. ट्रक मामांचे असले तरी वही मामींच्या अक्षरात आहे. ड्रायव्हर आला की त्याच्याकडून बिल्टीची प्रत आणि पंपाची पावती घ्यायची, आणि ॲव्हरेज टाकी टू टाकी काढायचं, असा त्यांचा शिरस्ता. निघताना टाकी काठोकाठ भरायची, परत आल्यावर पुन्हा काठोकाठ भरायची, दुसऱ्यांदा बसलं तेवढं जळलं. मीटरच्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही, ड्रायव्हरच्या तोंडी आकड्यावर तर त्याहून नाही.

मामा : वाच गं एक ओळ.

मामी : बारा टायरची गाडी. कळंबोली ते चाकण, कॉइल, २१ टन. जाताना ३६ लिटर. येताना २०. येताना खाली.

मामा : शंभर किलोमीटरचा पल्ला. घाट चढताना लोड गाडी लिटरला दीड-दोनवर येते, म्हणून जाताना ३६. लाव आता तुझा हिशेब, पण गाडीमागे नाही. टनामागे.

मेधा : एकूण ५६ लिटर, म्हणजे दीडशे किलो कार्बन डायऑक्साइड. भागिले २१. एक टन पत्रा चाकणला पोचवायला सात किलो आणि वर थोडं.

मामा : आणि तू पनवेलहून वाकडला एकटी आलीस त्या दिवशी?

मेधा : शंभर किलोमीटर धरले तर पंधरा किलो.

मामा : एक टन पत्रा सात किलोत, आणि तू एकटी पंधरा किलोत. तुझं वजन काय टनावर गेलंय?

मेधा (हसत) : साठ किलो. टनाच्या भाषेत बोलायचं तर माझी वाहतूक तुमच्या कॉइलच्या छत्तीस पट महाग पडते. पण मामा, माणूस म्हणजे कॉइल नव्हे. माणसाला बसायला जागा लागते, काच लागते, हवा लागते. माणसाची तुलना माणसाशी करा. एसटीची बस लिटरला साडेचार-पाच जाते आणि चाळीस माणसं बसवते. शंभर किलोमीटरला माणशी दीड किलोच्या आत. माझ्या पंधरासमोर दीड. मला लाज वाटायची तर बससमोर वाटेल, तुमच्या ट्रकसमोर नाही.

हे तिचं बोलणं मला या सगळ्या वादातलं सर्वात सरळ बोलणं वाटतं. ट्रक आणि कार यांची थेट तुलना मुळातच लंगडी आहे. एक टनावर मोजायचा आणि दुसरी माणसावर. तरी ती तुलना लोक करतात, कारण एक्सप्रेसवेवर दोघं एकाच लेनसाठी भांडत असतात. तेव्हा नेमका प्रश्न असा विचारायला हवा की जळालेल्या इंधनातून जे काम झालं, ते त्याहून कमी इंधनात झालं असतं का.

मामांकडे या वादात अजून एक पत्ता होता आणि तो त्यांनी जपून ठेवला होता.

मामा : तो पत्रा चाकणला जातो कशासाठी, ठाऊक आहे ना? कारचे दरवाजे, बॉनेट, छप्पर. प्रेस शॉपमध्ये ठोकायचा, मग वेल्डिंग, मग रंग. तुझी कार तुझ्या दारात यायच्या आधी निम्मी माझ्याच ट्रकमधून फिरून आली आहे. आणि तयार झाली की पुन्हा ट्रेलरवर चढून शोरूमला. ट्रकचा कार्बन म्हणून जो मोजतेस, त्यात तुझ्या कारचा, फ्रिजचा, सिमेंटचा, कांद्याचा वाटा किती?

मेधा : सगळाच. ट्रक हौसेने फिरत नाही हे मला मान्य आहे. पण वाहतुकीचा वाटा फुगवूनही सांगू नका. एक टन पोलाद तयार करतानाच आपल्या देशात दोन टनांवर कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यापुढं तुमचे सात किलो म्हणजे काहीच नाहीत.

मामा : मग सोड की मला!

मेधा : सोडलं असतं. पण मामींनी शेवटी काय वाचलं? येताना खाली.

मामा गप्प झाले. मामींनी वहीची आणखी चार पानं उलटली आणि न विचारता वाचत गेल्या: खाली, खाली, भंगार १५ टन, खाली. ही वही एका छोट्या मालकाची आहे, पण भारतातल्या ट्रकचा रिकामा प्रवास एकूण प्रवासाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत जातो असं अभ्यासक सांगतात, तेव्हा मामींच्या पानांत काही वेगळं घडत नाही.

मेधा : ज्या फेरीला परतीचं भंगार मिळालं तिचा हिशेब करू. येताना २० ऐवजी २६ लिटर. एकूण ६२. पण माल आता २१ नाही, ३६ टन. टनामागे सात किलोचे साडेचार झाले. नवी गाडी नाही, बॅटरी नाही, अनुदान नाही. सहा लिटर जास्त जाळून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बचत. असं मशीन मी कारखान्यात लावून दिलं तर मालक मला पेढे देईल.

मामा : तुला वाटतं परतीचं भाडं मला नकोय? अगं, रिकामी गाडी आणणं म्हणजे स्वतःच्या खिशातून डिझेल जाळणं. पण चाकणला गाडी पोचते सकाळी आठला, खाली होते दुपारी तीनला. गेटवर टोकन, मग वजनकाटा, मग क्रेन मोकळी नाही, मग त्यांचा लंच. तीनला मोकळा झालो की परतीचा माल शोधायला वेळ कुठं? दलालाला फोन केला तर तो म्हणतो, उद्या सकाळी आहे. उद्यापर्यंत गाडी उभी ठेवू तर इकडं दुसऱ्या दिवसाची कॉइल जाते दुसऱ्याकडे. आणि ज्याचं भंगार असतं तो म्हणतो, तुम्ही तसेही रिकामेच जाणार, निम्म्या भाड्यात न्या. मग मीही म्हणतो, जा खड्ड्यात.

मामी : निम्म्या भाड्यातही घ्यावं असं मी तीनदा सांगितलं. डिझेल तर सुटतं.

मामा : तुझ्यापुढं कोण बोलणार.

गोष्ट साधी आहे. डिझेल ट्रकवाल्याच्या टाकीत असतं, पण ते वाया घालवण्याचा अधिकार कारखान्याच्या गेटवर असतो. सात तास गाडी ताटकळत ठेवणाऱ्या डिस्पॅच विभागाला त्याचं काहीही पडलेलं नसतं. हेच मुंबईत जकातीच्या बाबतीत पूर्वी चालायचं. मुलुंड, दहिसर, ऐरोलीच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, रांगा गेल्या. तिथं इंजिनाचं तंत्र काही बदललं नव्हतं. २०१८ मध्ये सरकारने ट्रकची वजनमर्यादा, ज्याला धंद्यात ‘पासिंग’ म्हणतात, ती वाढवून दिली. त्याच गाडीत जास्त माल बसू लागला आणि टनामागचं डिझेल उतरलं. रस्ते आणि ब्रेक यांवर त्याने काय ताण पडला हा वेगळा विषय, आणि तोही मोठा आहे.

पुढचा टप्पा काळ्या धुराचा. कार्बनच्या चर्चेत तो हमखास घुसतो आणि गोंधळ वाढवतो.

मामा : माझ्या दोन गाड्या बीएस-सिक्स आहेत. युरियाची वेगळी टाकी आहे, तो भरला नाही तर गाडी ओढत नाही. सायलेन्सरला पांढरा रुमाल लावून बघ, काळा होणार नाही. आणि तू म्हणतेस कार्बन.

मेधा : मामा, काळा धूर आणि कार्बन डायऑक्साइड या दोन वेगळ्या गोष्टी. युरिया नायट्रोजनचे ऑक्साइड मारतो, फिल्टर काजळी अडवतो. तेही हवंच, कारण नीती आयोगाच्याच अहवालात ट्रकचा कणप्रदूषणातला वाटा ५३ टक्के सांगितलाय. पण कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो अडवणारी कुठलीही टाकी नाही. जेवढं डिझेल जळेल तेवढा तो निघणारच. तुम्ही पीयूसी काढता तेव्हा डिझेलच्या गाडीत धुराची दाटी मोजतात. कार्बन डायऑक्साइड मोजून तुमची गाडी कुणी नापास करत नाही. माझीही नाही.

मामा : मग गाडी बनवणाऱ्यांना कुणी विचारत नाही?

मेधा : कारवाल्यांना विचारतात. कंपनीने विकलेल्या सगळ्या कारची सरासरी किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आत राहिली पाहिजे, असा २०२२ पासूनचा नियम आहे. त्याआधी २०१७ पासून ही मर्यादा १३० होती. ट्रकसाठी इंधन वापराचे निकष २०१७ मध्येच काढले, आणि ते लागू व्हायला २०२३ उजाडलं. तेही चाचणी ठरावीक वेगाने, ताशी ४० आणि ६० किलोमीटरवर. खंडाळ्याचा घाट त्या चाचणीत येत नाही.

इथं मात्र मी पंचाची खुर्ची सोडून मामांच्या बाजूने बसलो. ज्या वाहनांच्या वाट्याला तिसरा हिस्सा येतो त्यांचे निकष सहा वर्षं लोंबकळतात, आणि कारचे वेळेवर येतात. कारण कार घेणाऱ्याला ॲव्हरेज आणि पर्यावरण या गोष्टी जाहिरातीत दिसतात. ट्रकची जाहिरात टीव्हीवर कोण बघतं?

रेल्वेचा विषय मेधाने काढला आणि मला वाटलं तितका तो पेटला नाही.

मेधा : टनामागे सगळ्यात कमी ऊर्जा रेल्वेला लागते. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं, घर्षण कमी. एके काळी देशातला बहुतेक माल रेल्वेने जायचा, आता तीस टक्क्यांच्या आत. राष्ट्रीय रेल्वे आराखड्यात २०३० पर्यंत हा वाटा ४५ टक्क्यांवर न्यायचं ठरलंय.

मामा : माझी कॉइल कळंबोलीपर्यंत रेल्वेनेच येते, बाई. पुढचे शंभर किलोमीटर ट्रक लागतो. त्या शंभरासाठी परत वाघिणीत चढवायची, घाट ओलांडायचा, परत उतरवायची, यात डिझेल वाचेल पण क्रेन आणि वेळ खाऊन टाकेल.

मेधा : शंभर किलोमीटरला मीही रेल्वे म्हणत नाही. पण दिल्लीहून न्हावाशेव्याला कंटेनर ट्रकने कशाला यावा? दिल्लीजवळच्या दादरीपासून न्हावाशेव्याच्या जेएनपीए बंदरापर्यंत १,५०६ किलोमीटरचा स्वतंत्र मालमार्ग त्यासाठीच आखला आहे.

मामा : दिल्लीचा माल रेल्वेला दे. खुशाल दे. माझा धंदा चाकणचा.

लांबचं रेल्वेला, जवळचं ट्रकला, यावर दोघांचं एकमत झालं. ट्रकवाल्यांच्या संघटना रेल्वेच्या विरोधात असतात अशी एक समजूत आहे. निदान या घरात तसं काही दिसलं नाही.

विजेचा विषय निघाला तेव्हा मेधाने स्वतःच्याच बाजूला चिमटा काढला. आपल्या ग्रिडची एक युनिट वीज बनवताना सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण आजही बरीच वीज कोळशाची. विजेची छोटी कार शंभर किलोमीटरला चौदाएक युनिट घेते. दहा किलो झाले. पेट्रोलच्या पंधरासमोर हा फायदा उघड आहे. भरलेला मोठा ट्रक किलोमीटरला एक युनिटाहून जास्त खातो, आणि मग किलोमीटरमागे जो आकडा येतो तो डिझेल ट्रकच्या आकड्याजवळच घुटमळतो. ग्रिडमध्ये सूर्य-वारा जसजसा वाढेल तसतसा तो खाली येईल, आणि घाट उतरताना ब्रेकऐवजी मोटार चार्जिंग करते हा मामांच्या मार्गावर खरा लाभ आहे. पण विजेचा ट्रक घेतला म्हणजे पाप धुतलं, असं आज तरी म्हणता येत नाही. हे ती विजेच्या बाजूची असूनही बोलली, म्हणून मला त्याचं मोल.

मामा : केंद्राचं नऊ लाखांवर अनुदान आहे म्हणतात विजेच्या ट्रकला.

मेधा : ९ लाख ६० हजारांपर्यंत, ट्रकच्या वजनाप्रमाणे. पण जुना डिझेल ट्रक भंगारात काढल्याचा दाखला लागतो.

मामा : आणि टोल? ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, एक्सप्रेसवे, समृद्धी, तिन्हीकडे विजेच्या गाड्यांना टोल माफ झाला ना?

मेधा : कार आणि बसला. माल वाहणाऱ्या गाड्या त्यातून वगळल्या.

मामा : बघा! (हे मला.) विजेची कार घेऊन एकटा माणूस लोणावळ्याला भजी खायला जातो, त्याला टोल माफ. मी विजेवर २१ टन नेले तर मला टोल. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर सोळा टनांवरच्या गाड्या बंद, सुट्टीच्या सकाळी एक्सप्रेसवेवर अवजड गाड्यांनी थांबा. रस्ता कुणासाठी आहे ते यातून कळतं.

मेधा : गणपतीचं सोडा मामा, तेव्हा तुम्हीही कारने साताऱ्याला जाता.

मामा : पाच जण बसून जातो. एकटा नाही.

हा शेवटचा टोला मेधाला लागला असावा, कारण तिने तो परतवला नाही. वाकड ते हिंजवडी रोज सकाळी जी रांग लागते, तिच्यातल्या दहा कारमध्ये माणसं किती असतात, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. चार रिकाम्या खुर्च्या ओढत नेणारी कार आणि चाकणहून खाली परतणारा ट्रक यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. फरक एवढाच की ट्रकवाल्याला रिकाम्या फेरीचा पैसा जाणवतो, म्हणून त्याची बायको वहीत ‘खाली’ असं लिहून ठेवते. कारवाला असली वही ठेवत नाही.

घाईत निसटलेले दोन मुद्दे. एक, मोठा ट्रक भरून गेला तर टनामागे स्वस्त पडतो, छोटा टेम्पो महाग. दहा मिनिटांत घरपोच किराणा मागवणारा माणूस कारने बाजारात गेला नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटत असेल तर त्याने मोटारसायकलवर अर्धा किलो साखर कशी आली याचाही हिशेब करावा. दोन, जेसीबी, डंपर, क्रेन ही यंत्रं किलोमीटरवर मोजताच येत नाहीत. ती तासाला किती लिटर जाळतात यावर मोजावी लागतात, आणि बांधकाम चालू असलेल्या आपल्या कुठल्याही शहरात ती दिवसभर जळत असतात.

पंच म्हणून माझा निकाल असा. एकूण वजनात ट्रक जास्त कार्बन सोडतो, त्यात शंका नाही, आणि सुरुवात तिथूनच करावी. पण सुरुवात म्हणजे ट्रकवाल्याच्या गाडीवर पहिला दंड नव्हे. त्याच्या रिकाम्या फेऱ्या आधी मोजायला हव्यात, कारण आज त्यांची मार्गवार मोजणी कुणीच करत नाही. माल भरलेल्या गाडीचं ई-वे बिल निघतं. रिकाम्या गाडीचं निघत नाही, त्यामुळे सरकारी कागदावर ती गाडी त्या दिवशी परतलेलीच नसते. टोलनाक्यावर मात्र तिचा फास्टॅग वाजतो. जानेवारी २०२१ पासून ई-वे बिलाची नोंद आणि फास्टॅगची नोंद एकमेकांशी जोडलेली आहे, करचुकवे पकडण्यासाठी. त्याच नोंदीतून कुठल्या मार्गावर किती ट्रक खाली परततात हे काढता येईल. परिवहन खात्याने दर तीन महिन्यांनी तो तक्ता मार्गवार जाहीर करावा, कळंबोली-चाकणपासून सुरुवात करून, म्हणजे परतीचा माल कुठं पडून आहे हे दलालाला आणि मामींना एकाच वेळी कळेल.